रिकाम्या सीटवरचा करंट

ऐका. अशी लाईट गेलेली असली की मला सर्जेरावची फटफटी आठवते. जरा सरकून बसा, शेंगा फोडता फोडता ऐका, आणि मध्येच कुणी "मग काय झालं" म्हणू नका. मी सांगणारच आहे.

सर्जेराव म्हणजे आपला गिरणीवाला. त्याच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. मी कुणाच्या घरात डोकावणारी बाई नाही, पण भिंतीतून जे कानावर येतं ते येतं, त्याला मी काय करू? तर या सर्जेरावनं एक जुनी फटफटी घेतली होती. किती जुनी? विकणाऱ्यालासुद्धा आठवत नव्हतं. इंजिन दणकट, पण वायरिंगचं सगळं रामभरोसे. कधी लाईट नाही, कधी हॉर्न नाही, कधी दोन्ही आहेत तर गाडीच नाही. गिरणी बंद झाली की हा अंगणात पोतं टाकून बसायचा. एका छोट्या बल्बला दोन वायरी जोडलेल्या. एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं एकेका वायरीला. बल्ब पेटला की तिथवर करंट आहे. विझला की फॉल्ट तिथंच. मध्यरात्रीपर्यंत हेच.

त्याची बायको मालन. सरळ मनाची, पण हट्टी. एकदा नाही म्हणाली की देवाच्या बापाचं ऐकायची नाही. भाचीच्या लग्नाला निघाली शालू नेसून, तर वाटेत फटफटी बंद. शालूचा काचा मारून हिनं गाडी ढकलली. पोचली तेव्हा अक्षता पडून पंगती उठल्या होत्या. त्या मांडवातनंच मालन तडक माहेरी गेली, लेंगरवाडीला. निरोप एवढाच धाडला, "त्या गाडीसंगंच नांदा म्हणावं."

मग काय. सर्जेरावच्या घरी चूल पेटेना. भाकरी मी पाठवत होते. त्यानं नवी बॅटरी घेतली, वायरी बदलल्या, आणि एके दिवशी बायकोला आणायला गेला. सासऱ्यानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघता निघता अंधार पडला. पाय मागच्या फुटरेस्टवर ठेवायच्या आधी मालन काय म्हणाली माहिती आहे?

"वाटेत एकदा जरी बंद पडली, तर मी उतरणार आणि चालत माघारी येणार. परत न्यायला यायचं न्हाई."

"न्हाई पडत," सर्जेराव म्हणाला. "आता टकाटक हाय."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, डांबरी रस्त्यानं जावा. खाणीची वाट नको."

पण डांबरी रस्ता लांबचा. जेवढा रस्ता लांब तेवढी गाडी बंद पडायची धास्ती जास्त, असा सर्जेरावनं हिशोब केला. आणि वळवली की फटफटी खाणीच्या वाटेला.

तुम्हाला ती जागा माहिती आहे. बंद पडलेला खडीक्रशर. त्याच्या मागं दगडाची खाण, काठोकाठ पाण्यानं भरलेली. कठडा नाही, काही नाही. रस्ता अगदी कडेनं जातो. तिथं काय आहे, यावर चार माणसं चार गोष्टी सांगतात. कुणी हडळ म्हणतं, कुणी पाण्यातला गिऱ्हा. मी त्याचं नाव विचारायला गेले नाही.

तर ऐका. क्रशरचा सांगाडा दिसायला लागला आणि हेडलाईट बारीक झाला. मग मोठा. मग बारीक. वाऱ्यात कापूर जळावा तसा.

"काय झालं?" मालननं विचारलं.

"काही न्हाई. अर्थिंगची वायर ढिली असंल."

थोडं पुढं गेले आणि हॉर्न वाजला. बटणावर बोट नाही, काही नाही. नुसता वाजतच राहिला.

"आणि हे?"

"बटण शॉर्ट झालंय. वाजू दे. गाडी चालतीय न्हवं?"

मग उजवा इंडिकेटर लागला. उजवीकडं खाण. यानं बंद केला, तो परत लागला. डावीकडं लावला, तरी उजवाच लुकलुकतोय. जणू कुणी सांगतंय, इकडं वळ, इकडं वळ. सर्जेरावनं हँडल डावीकडं दाबून धरलं. आणि खाणीच्या बरोब्बर काठावर इंजिन फट् फट् करत थांबलं.

इंजिन बंद, हॉर्न तेवढा चालूच. मालन उतरली. पिशवी काखेत मारली.

"झालं? चालले मी."

"अगं मालन, अंधारात कुठं जातीस?"

"माझ्या बापाच्या घरी."

"बरं जा. पण एवढा फॉल्ट सापडंपर्यंत बॅटरी धर. मग जा."

हातातली बॅटरी हो, टॉर्च. मालननं ती धरली, पण तोंड दुसरीकडं फिरवून. उजेड गाडीवर आणि डोळे लेंगरवाडीकडं. मला हे तिनंच सांगितलं, म्हणून सांगते.

सर्जेराव कामाला लागला. त्याची पद्धत ठरलेली. एकेक वायर सोडायची आणि बघायचं. हेडलाईटची सोडली. हॉर्नची सोडली, हॉर्न थांबला. इंडिकेटरची सोडली, तोही विझला. "सापडला," असं म्हणतोय तोवर मागचा लाल दिवा लागला. ब्रेकवर पाय नाही आणि ब्रेकचा दिवा लागलाय. यानं फ्यूज काढला. दिवा तसाच. मग त्यानं बॅटरीच काढली. गाडीची बॅटरी, नवीकोरी, उपसून बाजूच्या दगडावर ठेवली. आता गाडीत करंट कुठनं येणार? येणारच नाही.

दिवा तसाच. लालभडक.

"मालन," तो हळूच म्हणाला, "जरा हिकडं बघ."

"मी बघत न्हाई."

"बघ गं."

तिनं बघितलं. दगडावर बॅटरी, आणि गाडीला दिवा. मालन एक पाऊल मागं सरली. पण सर्जेरावला वेड लागलं होतं फॉल्टचं. त्यानं तो दोन वायरींचा बल्ब काढला. एक टोक इंजिनाला अडकवलं, दुसरं हँडलला लावलं. बल्ब विझलेला. टाकीला लावलं. विझलेला. मागं सरकला. टाकीच्या खालच्या नळीला लावलं, तर बल्बात निखाऱ्यासारखी तार लाल झाली. अजून मागं. पिवळा. अजून मागं. सीटच्या लोखंडी पट्टीला टोक लागलं मात्र, बल्ब असा पेटला की दोघांचे डोळे दिपले. आणि फट्कन फुटला.

"फॉल्ट सीटवर हाय," सर्जेराव म्हणाला. त्याचा आवाज त्याचाच राहिला नव्हता.

मालननं टॉर्च सीटवर मारली. आता नीट ऐका. मागची सीट, जिथनं ती आत्ताच उतरली होती, ती दबलेली होती. रेक्झिनला खळगा पडलेला. आणि खालची स्प्रिंग करकरली. कुणी मांडी सावरून बसावं तशी.

सर्जेरावनं हँडल धरलं, गाडी ओढायला. आणि गाडी चालायला लागली. चावी त्याच्या खिशात. स्टँड आपोआप वर. चाक गर्र फिरलं, तोंड खाणीकडं.

"सोडा ती गाडी," मालन ओरडली.

"सुटंना! हात चिकटलेत!"

करंटनं धरलं होतं त्याला. दात वाजत होते. पाय घासत होते. खडीवरनं फरफटत, फरफटत, पाण्याकडं. करंटनं धरलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, हे गिरणीवाल्याच्या बायकोला सांगावं लागत नाही. लावला की दोघं जातात. मग काय करायचं? काठी शोधायची म्हटलं तर तिथं नुसती खडी. पुढचं चाक काठाला लागलं. खाली पाण्यात दगड पडल्याचा आवाज आला, डुबुक.

आणि तेवढ्यात मालनच्या ध्यानात आलं. मी सीटवर होते तोवर गाडी खाणीकडं वळली नव्हती. मी उतरले आणि माझी जागा कुणीतरी घेतली.

तिनं पिशवी फेकली. पदर खोचला. आणि सीटपुढं उभी राहून, नळावर नंबरासाठी भांडावं तशा आवाजात म्हणाली, "ऊठ. ही जागा माझी हाय. मी रागावून उतरले होते, टाकून गेले नव्हते."

स्प्रिंग करकरली, पण कुणी उठलं नाही.

मग ती बसलीच. हो, त्या खळग्यावर. म्हणाली मला, "अक्का, विहिरीच्या तळातला गाळ असावा तसं गार आणि ओलं लागलं. पण मी सगळं अंग टाकून बसले." तशी गाडी थांबली. सर्जेरावचे हात सुटले. तो खाली पडणार तेवढ्यात मालन म्हणाली, "पडू नका. मारा किक."

जुन्या गाडीचं एक बरं असतं. बॅटरी नसली तरी मॅग्नेटवर इंजिन चालतं. त्यानं चावी लावली. पहिली किक फुकट. दुसरीला लागली. गाडी खाणीकडनं रस्त्याकडं फिरवली आणि गावाकडं सुटले. हेडलाईट नाही, काही नाही. मालननं त्याच्या खांद्यावरनं टॉर्च पुढं धरली आणि त्या एवढ्याशा उजेडात फटफटी पळतीय.

संपलं वाटलं? नाही.

मागचं चाक जड होतं. दोन माणसांचं वजन असतं तसं नव्हे, तिघांचं. आणि मालनच्या मानेवर गार श्वास आला. बाईचा आवाज. अगदी साधा, एसटीत ऐकतो तसा.

"बाई, जरा पुढं सरका की."

मालन जागची हलली नाही.

"थोडंसंच सरका. मला टेकायपुरती जागा द्या."

"न्हाई सरकत," मालन म्हणाली.

"कुणाशी बोलतीस?" सर्जेरावनं विचारलं.

"तुम्ही पुढं बघा."

आवाज विनवत राहिला, मग रडायला लागला, मग लहान मुलासारखा झाला. पाठीत बोटं रुतायला लागली, पुढं ढकलायला. आणि मालननं काय करावं? पुढं सरकायचं सोडून ती मागं सरकली. एक एक बोट मागं. पार सीटच्या टोकाला, कॅरिअरची दांडी धरून. मागं सुपारी ठेवायला जागा ठेवली नाही. तशीच आली, शिवेवरच्या म्हसोबापर्यंत. तिथं गाडी एकदम हलकी झाली, आणि पाठीमागं रस्त्यावर ओला कपडा आपटावा तसा आवाज आला. दोघांनी मागं बघितलं नाही.

मला झोप येत नव्हती म्हणून मी दारात उभी होते. दुसऱ्या कशासाठी नाही. बघते तर फटफटी आली, लाईट नसलेली. सर्जेराव पुढं टाकीवर, मालन मागच्या टोकाला, आणि नवराबायकोच्या मध्ये हातभर अंतर. मी म्हटलं, अजून मिटलेलं दिसत नाही. न राहवून विचारलंच, "का गं, एवढी लांब का बसलीस?"

ती उतरली आणि माझ्या गळ्यात पडून अशी रडली, की मी जन्मात तिला तसं रडताना बघितलं नव्हतं. मग सर्जेरावचे तळहात दाखवले. हँडलच्या रबरी मुठीवरची नक्षी त्यात भाजून उठली होती.

माहेरी जायचं ती पुन्हा बोलली नाही. गाडी आजही वाटेत बंद पडते. मालन वरच बसून राहते, हा खाली बसून वायरी चाचपतो, आणि ती वरनं त्याला शिव्या घालते. पण उतरत नाही.

म्हणून सांगते, घाई असली तरी डांबरीनंच जा. खाणीची वाट धरू नका. आणि कुणी धरलीच, तर गाडी बंद पडो, पेटो, काहीही होवो, मागच्या माणसानं आपली जागा सोडायची नाही. मागनं कुणी कितीही गोड आवाजात म्हणालं, जरा पुढं सरका, तरी सरकायचं नाही.