बॅरनांच्या रांगेतली वाळू

— कागद वाचला मी, दोनदा वाचला. रीगाचा शिक्का आहे, सही आहे, थडगं उकरून हाडं जर्मनीला न्यायची परवानगी आहे. फक्त ती पोर, तुमच्या आजीची बहीण, नेमकी कुठं पुरलीय हे कागदात नाही, आणि ते सांगणारं गावात कुणी उरलेलं नाही. म्हणजे मी आहे, पण मला आठवत नाही. दमला असाल तर बसा त्या दगडावर — बसा हो, तुमच्याच किल्ल्याचा आहे. तुमचा म्हणजे दगड ओढले आमच्या लोकांनी, पाठीवर वळ आमच्या, आणि किल्ला तुमचा. सातशे वर्षांपूर्वी क्रूस घेऊन तुमचे जर्मन सरदार आले, त्यांनी बांधून घेतला. स्वीडिश फौजेनं बुरूज उडवला, तर तुमच्या ग्राइफेनहाल बॅरन घराण्यानं उरलेल्या भिंतींना पांढरे खांब चिकटवले आणि म्हणाले, ही आमची हवेली. खांबांच्या आत विटा आहेत, वरून चुना. नखानं खरवडून बघा.

एकोणीसशे पाच साली आमच्यातल्यांनी ती जाळली. माझा आजोबा त्यात नव्हता — म्हणजे होता, पण त्यानं नुसतं फाटक उघडलं. तुमच्या पणजोबांनी त्याला पन्नास फटके मारवले आणि पाठ सुकायच्या आत त्याच्याकडूनच नवं छप्पर घालून घेतलं. चांगलं घातलं त्यानं. अजून गळत नाही. मग देश आमचा झाला, जमिनी वाटल्या गेल्या, तुम्हाला हवेलीची एक बाजू उरली आणि दुसरीकडे शाळा आली. एकोणचाळीस साली जर्मनीहून बोलावणं आलं, तसे तुम्ही पियानो, चांदी, कुत्री घेऊन जहाजात बसलात. मेलेले तेवढे इथं या रांगेत ठेवून गेलात. पुढे रशियन राजवटीत सामुदायिक शेतीवाल्यांनी त्यांच्या नावांचे दगड काढून गोठ्याला पायऱ्या केल्या. गाई चढायच्या त्यांवरून. मला काही वाईट वाटलं नाही.

तिकडे काय बघताय? ती वाळू होय — ते आमचं आहे. थडग्यावर पांढरी वाळू घालायची, दर शनिवारी दाताळं ओढायचं आणि निघताना पाठमोरं चालत आपलीच पावलं पुसत यायचं. तुमच्यात नसेल, आमच्यात असतं. तिथं आउस्मा आहे, माझी धाकटी बहीण. अडीच वर्षांची. — बॅरनांच्या रांगेत कशी? जागा होती म्हणून. सगळ्या जागा तुम्हालाच हव्यात का?

असे बघू नका माझ्याकडे. बरं, नाहीये ती तिथं. एकोणपन्नासच्या मार्चात आम्हाला गुरांच्या डब्यात कोंबून सायबेरियाला नेलं, आईला, मला, आउस्माला. नवव्या दिवशी ती गेली. गाडी कुठंतरी थांबली, शिपायानं तिला आईच्या हातातून काढून बर्फात ठेवलं, आणि गाडी निघाली. कुठलं स्टेशन तेही माहीत नाही. सात वर्षांनी परत आलो. शनिवारी गावातल्या बायका दाताळी घेऊन निघायच्या आणि आई दारात उभी राहायची, रिकाम्या हातांनी. मग एका शनिवारी तीही निघाली. कुणाला बोलली नाही. या रांगेत पोराएवढा उंचवटा एकच होता, त्यावर तिनं वाळू घातली. आई गेल्यावर मी घालते. सगळी मिळून अडतीस वर्षं झाली —

झालं. तुमची पोर कुठं आहे ते सांगून बसले.

तुमच्या आजीला मेल्यावर शेजारी बहीण हवीय, ते कळलं मला. पण आजीनं तिला पाहिलेलंसुद्धा नाही ना, आजी जन्मायच्या आधीच घटसर्पानं गेली ती. तो पलीकडे पुरलेला तुमचा जनरल न्या की. दोन्ही बॅरनिणी न्या, हवे तेवढे बॅरन पोत्यात भरून न्या, फावडं मी देते, खणूसुद्धा लागते. तीच कशाला?

खिशातून काय काढताय? फोटो — तिचा? नको. दाखवू नका. तिथं मला आउस्माचा चेहरा दिसतो, दुसरा कुठला नकोय मला. आत ठेवा तो. ठेवा म्हणते ना.

बस पावणेपाचला सुटते. उठा आता.