घणाचे ठोके आणि आमची मागची भिंत

…अन् झोप कशी लागणार, तुम्हीच सांगा! रात्रभर डोळ्यांपुढं एकच, खदानीत पुढचा सुरुंग उडाला की आमची मागची भिंत थेट छकुलीच्या खाटेवर! भेग आधी केसाएवढी होती, आता पोरगी तिच्यात पेन्सिल ठेवते! मी शंका घेत नाही हं, बी.एस्सी. झालेली बाई आहे मी, फक्त विचारते…

तर सकाळी दारात जीप. खदानवाल्यांनी अपेक्षा मॅडमला पाठवलेलं, भूगर्भ तपासायला. माझ्याहून लहान पोरगी! तिच्या माणसांनी खदानीपासून आमच्या अंगणापर्यंत वायर अंथरली, ठरावीक अंतरावर खुंट्या खोचल्या, आणि एक जण लोखंडी प्लेटवर घण घालतोय, धाड! की लॅपटॉपवर रेघा! "ताई, ठोका जमिनीतून किती वेगानं येतो, त्यावरून कुठं कडक दगड अन् कुठं भेगाळ ते समजतं. मग त्या मापानं सुरुंगात दारू भरायची." असं? अन् आजवर कोणत्या मापानं भरत होते? शंका नाही हं, फक्त विचारते!

"ताई, दोन मिनिटं शांत राहा." काऊन शांत? काय लपवायचंय? मी आपली वायरीच्या कडेनं येरझारा घालत राहिले… तर मॅडम ओरडल्या, "थांबा! नवव्या खुंटीपाशी कोण चालून राह्यलं? पावलांच्याच रेघा येतात!" मीच! ओट्यावरून सासूबाई, मनकर्णाबाई, गरजल्या, "सूनबाई, एका जागी बैस नं वं! त्या पोरीले काम करू दे!" माझ्यापायी सहा वेळा घण घातला बिचाऱ्यानं, आणि सातव्यांदा माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं खाली बसले.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बाजूचा दगड आधीच भेगाळ आहे. इकडच्या सुरुंगांच्या छिद्रांत निम्मीच दारू भरायला सांगते." निम्मी! म्हणजे आजवर दुप्पट? लेखी द्या म्हटलं. दिलं! तिथंच, जीपच्या बॉनेटवर! आता इतक्या पटकन कुणी लेखी देतं का हो? शंका नाही, फक्त विचारते…

गुरुवारी खदानीत सुरुंगाचा भोंगा वाजला. छकुलीला सासूबाईंजवळ दूर कडुनिंबाखाली उभं केलं आणि मी बाहेरून भिंतीला तळवा टेकवून, श्वास रोखून… धप्प! एवढंच? बस्स? अहो, मांडणीवरची वाटीसुद्धा वाजली नाही! पण हाताखाली थरथर होतीच की! "हलली! बघा, हलून राहिली भिंत!" मी ओरडले. छकुली पळत आली, माझ्या हाताकडं नीट बघितलं आणि म्हणाली,

"आई, भिंत नाही वं… तुहा हातच हलून राह्यला."