पंख्याची घरघर

भाऊ : ताई, तू बोलू नकोस, नुसती मान हलव. कॉम्प्युटर मध्येच बंद पडला? आपोआप?

ताई : मान हलवून गोष्ट सांगता येत नाही रे. हो, आपोआप. गोष्ट रेकॉर्ड करत होते, कोल्हा विहिरीत पडला आणि इकडे पडदा काळा. त्याआधी पंखा नुसता बोंबलत होता.

दाजी : वासही येत होता. मी म्हटलं हिला, जाऊ दे, कॉम्प्युटर म्हातारा झालाय, सोड त्याचा नाद.

भाऊ : जळलेलं काही दिसत नाही, दाजी. फार तापला, म्हणून स्वतःला बंद करून घेतलं त्यानं. हा मागचा डबा बघा, पॉवर सप्लाय. सगळी वीज इथून पुढे जाते. त्यातला पंखा हवा आत ओढतो, गरम हवा मागून बाहेर टाकतो. डबा जितका तापेल तितका पंखा जोरात फिरणार, आणि जितका जोरात फिरेल...

ताई : तितका माझ्या गोष्टीत घुसणार. रेकॉर्डिंग ऐक एकदा. माझ्यापेक्षा त्याचंच जास्त ऐकू येतं. मला आता जोर लावून बोलता येत नाही.

भाऊ : परवाच ना ऑपरेशन?

ताई : परवा. स्वरयंत्र काढलं की संपलं. लेकीला गोष्टीशिवाय झोप येत नाही, म्हणून साठवून ठेवतेय.

भाऊ : होईल सगळं. दाजी, टेबल जरा पुढे ओढा. हं. अरेच्चा! मागच्या जाळीत टॉवेल कोणी कोंबला?

दाजी : मी.

ताई : तुम्ही?

दाजी : घरघर कमी व्हावी म्हणून. तुझं बोलणं तरी नीट येईल म्हटलं.

भाऊ : नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे बिचाऱ्याचा जीवच जायचा.

दाजी : मग उघडून साफ करू. थांब, स्क्रू ड्रायव्हर आणतो.

भाऊ : त्या डब्याला हात लावू नका! प्लग काढला तरी त्याच्या पोटात वीज राहते. तो उघडायचा नसतो, अख्खा बदलायचा असतो. ताईनं फोनवर घरघर ऐकवली तेव्हाच दुसरा घेऊन निघालो. ह्याचा पंखा मोठा आहे, सावकाश फिरला तरी भागतं. ताकदही गरजेपेक्षा जास्त, म्हणजे दमायचा नाही.

ताई : अहो, तुम्ही कुठे निघालात?

दाजी : पोरीला शेजारून घेऊन येतो.

ताई : खेळू दे तिला. मी बोलायला बसायची वेळ झाली की तुम्हाला बाहेर काम निघतंच.

भाऊ : मी जरा गच्चीवर जाऊन येऊ का?

ताई : तू स्क्रू पीळ.

दाजी : नाही ऐकवत मला. निरोप घेतल्यासारखी बोलतेस तू. बंद पडला ना, तेव्हा बरं वाटलं मला. अजून कदाचित वाचेल तुझा आवाज. डॉक्टर काय देव आहेत?

ताई : कदाचित वगैरे काही नाही. त्यांनी स्वच्छ सांगितलंय. आवाज जाईल, मी राहीन. मला कबूल आहे. तुम्हाला नाही?

दाजी : असं काय विचारतेस गं.

ताई : मग बसा इथे.

भाऊ : झालं माझं. हा कॉम्प्युटर गालिच्यावर नको, फळीवर ठेवतो, खालून हवा मिळू दे. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा, आणि अधूनमधून जाळीवरची धूळ झटका. करू चालू?

ताई : कर. झाला का?

भाऊ : केव्हाच झालाय. मागे हात धर.

ताई : वारा लागतोय. पण ऐकू काहीच येत नाही.

दाजी : तुझा श्वास ऐकू येतोय.

भाऊ : पोरीला मी आणतो. दाजी, ते लाल बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू.

(भाऊ बाहेर जातो.)

दाजी : दाबलं. आधी एक माझ्यासाठी ठेवशील?

ताई : तुम्हाला कुठली गोष्ट?

दाजी : गोष्ट नको. सकाळी म्हणतेस ना, तेवढंच.

ताई : अहो, उठा. उजाडलं.

दाजी : उठलो.