खिडकीजवळचं टेबल

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा नर्स ऐकत होती.

“त्या नावाजलेल्या हॉटेलात बॉम्ब फुटला ना, तेव्हा मी खिडकीजवळच्या टेबलावर होतो.”

“तिथं तर मी होतो!”

“मग तुम्ही पलीकडे असाल. तीस वर्षं झाली, बॉम्ब ठेवणारा काही सापडला नाही.”

“आमच्या गल्लीतले चाळीस जण तिथं होते म्हणतात.”

“आमचे व्याहीसुद्धा!”

“एवढ्या गर्दीत मेल्याला बॉम्ब ठेवायला जागा तरी कुठं मिळाली?”

कोपऱ्यातल्या आजींना तीनदा हाक मारून शेवटी नर्सनं त्यांचा खांदा हलवला.

“पोरी, या कानात बोल. दुसरा हॉटेलातल्या त्या बॉम्बनं गेला.”

“त्या गर्दीत तुम्हीही होतात?”

“कसली गर्दी? हॉटेल अजून उघडलंही नव्हतं. मी एकटीच भांडी घासत होते.”