आपल्या पत्त्यावरची त्रेचाळीस पानं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे डॉक्टर पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या संपादक बाई, त्यांचे यजमान, आणि खुर्च्या संपल्यामुळे दारात उभे राहिलेले छपाईवाले मित्र,

बाईंविषयी चांगलं बोलायला मला सांगितलं आहे. ते सोपं आहे. पण जाहिरात विभागातला माणूस नुसतं चांगलंच बोलू लागला, तर विश्वास कोण ठेवणार? म्हणून आधी माझी चूक सांगतो.

आपलं आरोग्य मासिक साठ वर्षांचं, संकेतस्थळ वीस वर्षांचं. इंटरनेटवर कुणी एखादं दुखणं शोधलं की आपलं पान वर येतं, कारण आपला पत्ता जुना आणि विश्वासाचा. त्यामागे बाईंची एक रीत आहे. पान चढवण्याआधी लेखकाने ते त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचं. भलेभले सर्जन तिथे अडखळले. एक व्यासपीठावर आहेत. कोण ते सांगत नाही.

चार वर्षांपूर्वी गुडघ्याचे पट्टे विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "आमच्या नव्या साइटला कोण विचारतो? तुमच्या पत्त्याखाली एक कोपरा द्या. पानं आम्ही लिहू." मी दिला. जाहिरातीचा कोपरा, म्हणून वाचन नाही. त्रेचाळीस पानं चढली आणि आठवड्यात सगळ्यांच्या वर दिसू लागली. मी कॉलर ताठ करून हिंडत होतो.

मग एक शिंपी काका कार्यालयात आले, मुलीचा हात धरून. आपल्याच पानाची छापील प्रत घेऊन. पानावर लिहिलं होतं, पट्टा बांधा, व्यायामाची गरज नाही. त्यांनी तीन महिने तसंच केलं. आता गुडघा वाकत नव्हता, पायाने मशीन चालत नव्हती.

"तुमचं पान आहे, म्हटलं खरंच असणार," एवढंच ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाईंनी मला बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली.

"बसा. वाचा."

"सगळी?"

"त्रेचाळीसच आहेत ना?"

सहाव्या पानावर मी कागद खाली ठेवला. "बाई, मला नाही वाचवत."

"मग लोकांना कशी वाचायला दिलीत, भाऊ?"

संध्याकाळपर्यंत सगळी पानं उतरवली. पण तोवर, दुसऱ्याची पानं आपण आपल्या नावावर खपवतोय, हे शोधयंत्रानेही ओळखलं होतं. शोधाच्या यादीत अख्खं संकेतस्थळ खाली गेलं. अकरा महिने आपण कुणाला दिसलो नाही.

मी म्हणालो, "नाव बुडालं."

"बुडालं नाही, मळलंय," बाई म्हणाल्या. "आणि नाव द्यायचंच असेल, तर ज्याला येतं पण ज्याला कुणी ओळखत नाही, त्याला द्या."

शिंपी काकांवर उपचार करणारी एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. ती छान लिहायची, पण तिच्या साइटवर घरचे सोडून कुणी फिरकत नसे. तिला बोलावलं. बाईंनी तिला वाचताना तीनदा थांबवलं.

"नियमित व्यायाम म्हणजे किती? आमच्या यजमानांना विचारशील, तर वर्षातून दोनदा."

हसा, यजमानही हसतायत.

तिचं पान तिच्या नावाने, तिच्या शिक्षणासह चढलं. तिच्यामागून एक सुईण आली, एक चष्मे करणारे आले. हळूहळू आपणही वर आलो. आज कुणी गुडघ्याविषयी शोधलं, तर त्या मुलीचं पान पहिलं येतं. शिंपी काका पुन्हा मशीनवर बसतात. तासाभराने उठून चार पावलं चालतात, गिऱ्हाईक समोर असलं तरी.

बाई, तुमच्या जागी कोण, हे अजून ठरायचं आहे. पण आज सकाळी त्याच कंपनीचा फोन आला होता. "आता बाई निघाल्या," तो माणूस म्हणाला, "तेव्हा आधीसारखा कोपरा द्यायला हरकत नसावी." मी 'नाही' म्हणालो.

अध्यक्ष महोदय, आपल्याला विचारायचं राहून गेलं.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या 'नाही'बद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.