गडावरची मावशी

माहं माहेर लय दूरचं, बाई. कोकनातलं. काठावर गाव अन् समोर पान्यात किल्ला. लगन होऊन देवळीत आली अन् सारी हयात इथंच गेली, बोली बी इथलीच झाली, फक्त ळ तेवढा सुटला नाई. इथं लोक डोया म्हनत, मी डोळा म्हनत जाओ, तं ननंद पोट धरून हासे.

तं तो किल्ला. ओहोटी लागली का पायी जाता ये, भरती आली का चारी बाजूनं पानी. माहे बाबा गुरव, आतल्या देवीची पूजा करत. बाकी सारा ओसाड. बाबा सांगत, आधी मराठ्यांच्या आरमाराचा होता, मंग इंग्रजानं घेतला, तोफा समुद्रात ढकलल्या, शिपाई गेले, राह्यली फक्त वटवाघळं. अन् एक बाई.

वेढा पडला होता तवा एका तोफवाल्याची बायको बाळंत होता होता गेली. वेढ्यातून सुईन पोचलीच नाई. तवापासून ती पान्याकडच्या दरवाज्याच्या पायरीवर बसते म्हने, केस मोकळे सोडून, अन् पाळना गाते. लोक भेत नोते असं नाई, पन हडळ कोनी म्हनत नोतं तिले. मावशी म्हनत. धुक्यात होडी चुकली का पाळना ऐकू येते, तिकडं वल्हवलं का काठ लागते, असं कोळी सांगत. पोटुशी बाई ओहोटीले जाऊन पायरीवर हिरव्या बांगड्या ठेवून ये अन् म्हने, मावशे, माह्यावर नजर ठेव. मी ऐकला का तो पाळना? काय सांगू तुम्हाले, वारा होता का ती होती, पन ऐकला तं होता.

मंग आपला हा भाग मुंबई राज्यात गेला, तवा इकडचे कारकून तिकडं बदलीवर आले, त्यातले एक आमचे हे. आमच्या शेजारी जेवाले येत, अन् म्हनत, भाजीत तिखट काऊन नाई. आमच्यातलेच निघाले, बाबांनी विचारलं, झालं लगन. पुढं बदली होऊन आम्ही देवळीले. जिकडं पाहा तिकडं कापसाच्या पऱ्हाट्या, अन् उन्हाळा असा का जीव नको होये. सासू माह्याशी कामापुरती बोले. शेजारनीले सांगे, कोकनी सून, सदा भात मांगते अन् भुताच्या गोष्टी सांगते. पन ननंद, शांता, माह्याच वयाची, ती मांगं मांगं फिरे, वैनी, सांगा न समुद्राचं.

शांताले रोहण्याले देलं. पहिलटकरीन म्हनून माहेरी आली. पोरगी झाली, अन् शांता गेली. रक्त थांबलंच नाई, बाई. डागतर येस्तोवर सारं संपलं होतं.

मसनातून येताना मान्संनी साऱ्या रस्त्यानं मोहरी टाकली, अन् उंबऱ्यात खिळा ठोकला. बाळंतीन गेली का हडळ होऊन लेकरासाठी येते, पन मोहरी वेचत बसते, घरापर्यंत पोचत नाई, असं मानत. चुलत सासरे म्हने, पोरीच्या जिवासाठी कराच लागते हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी रडून राह्यलती अन् सासू त्या खिळ्याकडं पाहत बसली होती. मले म्हने, सूनबाई, काऊन गं? माह्या लेकीनं काय केलं? तिच्याच घरी तिले बंदी?

मी तिच्या बाजूले बसली. तवापर्यंत अशी कधी बसली नोती. मावशीचं सारं सांगतलं. तिनं एकच विचारलं, तिचं लेकरू जगलं होतं का? मले माहीत नोतं, कोनी सांगतलंच नोतं. म्हटलं, माहीत नाई आत्या, पन कोनाच्या लेकराले तिनं कधी हात लावला नाई.

मंग ती उठली, झाडनी घेतली, अन् भर उन्हात मोहरी झाडत निघाली. सारी आळी दारात. चुलत सासरे आडवे आले, वैनी, डोकं फिरलं का, पोरगी जाईन हातची. ती म्हने, सरका भाऊजी, माही शांता आली तं लेकराले पाहून जाईन, मारनार नाई. मी बी दुसरी झाडनी घेतली. भेव वाटलं, काऊन नाई वाटनार? पोरीले काही झालं असतं तं साऱ्यांनी मलेच धरलं असतं. संध्याकाळी हे कचेरीतून आले अन् खिळा उपटून फेकला.

अन् त्याच आठवड्यात पोरीले ताप भरला. लोक माह्याकडं पाहत. माहा पोरगा अंगावर पीत होता, मी दोघांले पाजलं. सासू पोरीले मांडीवर घेऊन बसे, दाराकडं पाहून म्हने, शांते, तुही लेक आहे माय, सांभाळ. ताप उतरला. तवापासून सासू मले पोरी म्हनाले लागली.

बारशाले तिनंच नाव ठेवलं, सिंधू. समुद्र तिनं जन्मात पाह्यला नोता.

आता सासू नाई, हे नाईत. सिंधू माह्याच हाती वाढली, आता तिचे बी केस पांढरे झाले. येते, माह्या डोक्याले तेल लावून देते. मले आई म्हनते अन् फोटोतल्या शांताले बी आईच म्हनते. दोन्ही खरंच आहे न, बाई.

लिहिलं का सारं? मंग बसा दोन घास जेवाले. तुमचं लेकरूबाळ सुखी राहो, अन् घरचं गेलेलं मानूस आठवलं तं भेऊ नोका त्याले.