टर्बो थंड होईपर्यंत

जबाब देणार: मयताची पत्नी, वय ४६ वर्षे, व्यवसाय शिवणकाम, राहणार बेकरीमागील इमारत, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पतीसोबत राहते. घरी आम्ही दोघेच. खालच्या गाळ्यात माझे शिवणकाम चालते. पतींचे चष्म्याचे दुकान होते. कागदात त्यांना मयत लिहिले आहे, ते नियमाने असेल. मी पती म्हणणार, तसेच लिहून घ्यावे.

पेशंटला आत नेल्यावर बाई इंजिन चालू ठेवून गाडीतच बसून राहिल्या, असे इस्पितळाच्या पहारेकऱ्याने सांगितले आहे. त्यावरून माझ्या दिरांना संशय आला आहे. पहारेकरी सांगतो ते खरे आहे. मी बसले होते. का बसले ते सांगते.

गाडी पतींच्या नावावर आहे. लाल रंगाची, लहान, टर्बो इंजिनची. घेतली तेव्हाच ती जोरात पळायची, पण पतींचे समाधान म्हणून नाही. त्यांनी टर्बोचा दाब वाढवून घेतला, सायलेन्सर मोठा बसवला, स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेतली आणि वजन नको म्हणून मागची सीट काढून टाकली. पुढे शर्यतीच्या गाडीत असतात तशा खोलगट सीटा आणि खांद्यांवरून येणारे पट्टे. त्या सीटांवर लाल टीप मीच मारून दिली. घरचा पंखा वर्षभर कुरकुरतो आहे, त्याला तेल घालायला मात्र त्यांना सवड नव्हती. गाडीला ते बाईसाहेब म्हणत. नणंद म्हणायची, वहिनी, यापेक्षा सवत परवडली असती, निदान भांडी तरी घासली असती.

पळवून आणलेली गाडी लगेच बंद करायची नाही, हा पतींचा नियम. टर्बो भयंकर तापलेला असतो. इंजिन बंद केले की त्याला तेल मिळायचे थांबते आणि तो आतून खराब होतो. म्हणून जागेवर उभी करून दोन मिनिटे इंजिन चालू ठेवायचे. मला गाडी शिकवताना पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी बंद करायला शीक. चालवतं काय, कुणीही." रोज संध्याकाळी खाली इंजिन घुरघुरायला लागले की मी वर चहा टाकायची. ते बंद होईपर्यंत चहा व्हायचा.

काल आवाज आला तसा मी चहा टाकला. चहा उतू गेला तरी इंजिन चालूच. मी खिडकीतून विचारले, "आज काय बाईसाहेबांना आंघोळ घालताय का?" उत्तर आले नाही म्हणून खाली गेले. पती स्टिअरिंग धरून बसले होते. शर्ट घामाने भिजला होता. छातीत दुखतंय म्हणाले. रुग्णवाहिकेला फोन केला तर अर्धा तास लागेल असे सांगितले. बेकरीवाल्याने आणि मी त्यांना उचलून शेजारच्या सीटवर बसवले. आडवे करायला मागे सीट नव्हती. पट्टे मी बांधले.

गाडी मी चालवली. इतक्या जोरात आयुष्यात कधी चालवली नव्हती. सिग्नल तोडला, ते मान्य आहे. वाटेत पती एकदाच बोलले, "गिअर उशिरा टाकतेस." मला बरे वाटले. म्हटले, चुका काढतायत म्हणजे शुद्धीवर आहेत.

इस्पितळाच्या दारात वॉर्डबॉयनी त्यांना स्ट्रेचरवर घेऊन आत नेले. मी गाडी बाजूला लावली. हात किल्लीवर गेला आणि तिथेच थांबला. त्या वेळी काय विचार केला असे साहेबांनी दोनदा विचारले. काहीच केला नाही. गाडी पळवून आणली होती, म्हणून थांबले. समोर आत जायचे दार दिसत होते. इंजिन नेहमीसारखे घुरघुरत होते. मग बंद केली, काचा वर केल्या आणि आत गेले.

डॉक्टर म्हणाले, आत्ताच गेले. मला कळेना. मी विचारले, "कुठे गेले?" दिरांना काय वाटते ते त्यांनी सांगावे. माझे मलाच उमगत नाही, त्यांना काय समजावू?

तिथल्या सिस्टरने मला बाकावर बसवून पाणी दिले. त्यांनी सांगितले की, आत नेले तेव्हा पती बोलत होते. पतींनी विचारले, "ही कुठंय?" वॉर्डबॉय म्हणाला, बाहेर गाडीत आहेत, गाडी चालूच आहे. त्यावर पती म्हणाले, "हां, मग दोन मिनिटं लागतील तिला." आणि दाराकडे बघत राहिले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गाडीची किल्ली ठाण्यात जमा केली आहे. हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. सिस्टरने सांगितलेला भाग मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावला, तोही बरोबर आहे.